हजेरीपटाबाहेरची माणसे

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड सोडते आणि घोरावाडी येण्याआधी एका लहानशा स्टेशनावर थांबते. ते बेगडेवाडी. चढणारे-उतरणारे मोजकेच. जवळून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, शेलारवाडीच्या लेण्यांचा डोंगर दिसतो, आणि पवनेच्या बाजूला गहुंजे, शिरगावची शेते लागतात. मावळ म्हटले की लोकांना भात आठवतो. पण पवनेच्या काठाने ऊसही आहे, आणि कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. म्हणून दसरा-दिवाळी झाली की या रस्त्यांवर मराठवाड्याकडच्या टोळ्या दिसू लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान मुले, सगळे एकाच गाडीत भरलेले. मोकळ्या रानात दोन-तीन दिवसांत कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, वर चटई नाहीतर प्लास्टिक, आत तीन दगडांची चूल. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की त्या जागी फक्त काळी पडलेली माती उरते.

आम्ही बेगडेवाडीला राहतो आणि लोकलने शाळेत जातो. शाळा उर्दू माध्यमाची, आमच्याकडे सहावीचा वर्ग. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन वर्गाच्या दाराशी उभे राहिले. बीड जिल्ह्यातले, जात-जमात आमचीच, बोली आमचीच. म्हणाले, "सर, इसकू चार महिने बिठा लेव. पट्टा पड्या की ले जाते." मुलगी गावी उर्दू शाळेत पाचवीपर्यंत शिकली होती. हातांवर उसाच्या पातीने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता, कारण आई-वडील फडात गेल्यावर त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेने जे शिक्षण हमी पत्रक द्यायचे असते, तेही नव्हते. आम्ही तिला बसवून घेतले आणि हजेरीपटाच्या शेवटच्या ओळीत तिचे नाव पेन्सिलने लिहिले. ते नाव येथे लिहीत नाही, कारण तिच्या वडिलांना विचारलेले नाही.

त्याच दिवसांत आम्ही एक इंग्रजी कादंबरी वाचत होतो. बी.एड.ला असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली होती, आणि शब्दकोश शेजारी ठेवून पानामागून पान असे आमचे वाचन चालले होते. जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'. ही कादंबरी एप्रिल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९४० मध्येच जॉन फोर्डने तिच्यावर चित्रपट काढला, आणि १९६२ मध्ये लेखकाला नोबेल मिळाले. आमच्या वर्गातल्या मुलीचा आणि या पुस्तकाचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी वाटले नव्हते.

कादंबरीत जोड नावाचे एक कुळवाडी कुटुंब आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या सॅलिसॉ गावाकडचे. बँकेने जमीन काढून घेतली, ट्रॅक्टरने घराची भिंत पाडली, आणि एका जुन्या मोटारीचा ट्रक करून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हमरस्ता क्रमांक ६६ ने कॅलिफोर्नियाकडे निघाले. हातात एक छापील कागद, तिकडे फळे तोडायला माणसे हवी आहेत असे सांगणारा. पोहोचल्यावर कळते की काम शेकड्यांचे होते आणि कागद हजारोंनी वाटले होते. एका कामाला पाच जण उभे राहिले की मजुरी मालक सांगेल ती. पीच तोडायला पेटीमागे पाच सेंट मिळतात, ते संपकऱ्यांच्या जागी काम करतात म्हणून. संप मोडला की त्याच पेटीचे अडीच सेंट होतात. मजुरी खर्च करायची ती मालकाच्याच दुकानात, आणि तिथला भाव गावापेक्षा जास्त.

आम्हाला सर्वांत लागला तो प्रसंग मात्र प्रवासाच्या पहिल्याच रात्रीचा आहे. आजोबा वाटेत मरतात. सरकारी रीतीने दफन करायला पैसे लागतात, ते दिले तर कॅलिफोर्नियापर्यंत पेट्रोल पुरणार नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला रात्रीच कबर खणतात. पण पुरण्यापूर्वी नातू एका कागदावर आजोबांचे नाव लिहितो, मृत्यू कशाने आला ते लिहितो, कोणी मारलेले नाही हेही लिहितो, आणि तो कागद काचेच्या बरणीत घालून मयताजवळ ठेवतो. पुढे कधी कोणी ही जागा उकरली तर हा कोण होता ते कळावे. अडाणी, उपाशी माणसे, पण नावाशिवाय माणूस मातीत जाऊ नये एवढे त्यांना कळत होते. हे पान वाचले आणि आम्हाला पेन्सिलची ती ओळ आठवली.

आम्ही ज्या रुळांवरून रोज जातो ते कोणी घातले, हे त्यानंतरच आम्ही शोधून वाचले. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. म्हणजे आमच्या गावावरून आगगाडी धावू लागली ती १८५७ च्या उठावाच्या पुढच्याच वर्षी. मुंबईकडून गाडी त्याआधीच खोपोलीपर्यंत आली होती. मधला बोरघाट तेवढा राहिला होता. गाडीतून उतरायचे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट ओलांडायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे, असा तेव्हाचा मुंबई-पुणे प्रवास. घाटातल्या मार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तो खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैल लांबी, १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. काळा कातळ सुरुंगाच्या दारूने फोडायचा. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसे दोराने कड्यावरून खाली सोडायची, ती लोंबकळत पहारीने भोक पाडायची. १८६१ साली या कामावर एका वेळी ४२ हजारांहून जास्त माणसे होती. पुरुष खणत, बायका पाट्या वाहत, मुलेही कामाला असत. देश आणि कोकण दोन्हीकडची ही माणसे उघडिपीत येत आणि पावसाळा लागला की आपापल्या शेतांकडे परतत. अशी माणसे मावळाला नवीन नाहीत, एवढेच त्यावरून समजायचे.

या कामाचा पहिला मोठा कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. मुंबई-ठाणे हा देशातला पहिला प्रवासी लोहमार्गही त्याच्याच कंत्राटातला. घाटातली मजुरी त्याच्याकडून पोटकंत्राटदारांकडे, त्यांच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराच्या हातात, अशी उतरत येई. प्रत्येक पायरीवर ती थोडी अडे, थोडी गळे. जानेवारी १८५९ मध्ये घाटाच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला, थकलेल्या मजुरीसाठी मजूर खवळून उठले. गोऱ्या कर्मचाऱ्यांना मार बसला, त्यांतला एक दगावला. सरकारने चौकशी केली तेव्हा मजुरी वेळेवर आणि पुरी मिळत नव्हती, ही तक्रार खरी निघाली. दोनच महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे-कालव्यांसारख्या कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत असा कायदा झाला. वाचताना बरे वाटते. मात्र त्याच कायद्यात काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवून शिक्षा करण्याची तरतूद होती. दंगा झाला मजुरी थकवल्यामुळे, आणि तुरुंगाचे दार उघडले मजुरासाठी. हा कायदा १९३० नंतरच्या दशकापर्यंत पुस्तकात राहिला.

फॅव्हिएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि मुंबईत उतरून फार दिवस झाले नाहीत तोच १८५९ च्या अखेरीस वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतले आणि दोन अनुभवी अभियंत्यांच्या मदतीने काम पुरे करून घेतले. एका परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला असताना बाईने हे धाडस केले, त्याचे कौतुक व्हायलाच हवे आणि ते होतेही. पण त्याच काळात घाटातल्या झोपड्यांत कॉलरा शिरला आणि मजूर हजारोंनी मेले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हाला कुठे वाचायला मिळाले नाही. कंत्राटदाराच्या हिशेबात फक्त मुकादम होता आणि त्याच्यामागे आकडा होता.

आम्ही उर्दू शिकवणारे, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुकादम हा शब्द अरबी 'मुकद्दम'वरून आला. त्याचा अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. मजूर, हंगाम, कारखाना हे फारसीचे, हजेरी अरबीची. कष्टाच्या जगातले इतके शब्द आमच्याकडून मराठीत गेले आणि मराठीने ते घरचे करून टाकले. 'उचल' तेवढा मराठीचा आपला. आणि या सगळ्या शब्दांत जड कोणता म्हणाल तर तोच.

ऊसतोडीचा इतिहास घाटाइतका जुना नाही. अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांचे पाणी आले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि त्या पाण्यावर ऊस व खासगी साखर कारखाने उभे राहिले. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्यांतलाच. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या आणि कंपनीच्या हातातून साखर शेतकऱ्याच्या हातात आली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचा आमचा हेतू नाही. शाळा, दवाखाने, महाविद्यालये त्या साखरेतून उभी राहिली. पण सहकारात सभासद झाला तो ऊस लावणारा. ऊस तोडणारा सभासद झाला नाही. कारखान्याच्या पटावर तो कामगारही नव्हता, कारण कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. म्हणजे पुन्हा तोच घाटातला मुकादम, फक्त डोंगराऐवजी उसाचा फड.

हा तोडणारा आला कुठून? पाण्याच्या सावलीतल्या मुलखातून. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर. बालाघाटाच्या रांगांवरची मुरमाड जमीन, एका पावसावरची बाजरी, आणि दिवाळीनंतर घरात बसून राहण्यापलीकडे काम नाही. दुष्काळाने यांना बाहेर काढले असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७२ चा दुष्काळ येऊन गेला, त्यानंतर चांगली पावसाळी वर्षेही आली, तरी कोयते वाढतच गेले. जोड कुटुंबाबद्दलही अमेरिकेत हाच वाद झाला. धुळीची प्रचंड वादळे, ज्यांतले १४ एप्रिल १९३५ चे वादळ 'काळा रविवार' म्हणून ओळखले जाते, ती झाली त्या मुलखाच्या पश्चिमेला. सॅलिसॉ तर राज्याच्या पूर्व टोकाला. तिथल्या कुळांना धुळीने नव्हे, कापसाच्या पडलेल्या भावाने, कर्जाने आणि ट्रॅक्टरने उठवले. आभाळाला दोष दिला की माणसाने केलेला व्यवहार झाकून जातो.

१९७२ ची गोष्ट आमच्या घरातलीही आहे. आमचे आजोबा पाटोदा तालुक्यातले. तीन एकर मुरूम आणि एक बैल. त्या दुष्काळात ते आणि दादीजान दोघेही सरकारी कामावर खडी फोडायला जात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. खायला सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकर थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. आजोबांनी पुढे आयुष्यभर लाल धान्याला हात लावला नाही. पण मिलोपेक्षा दुसरीच एक आठवण ते जास्त सांगत. कामावर मस्टर होते. दर दिवशी त्यांचे नाव पुकारले जाई, आणि पगाराच्या दिवशी त्या नावापुढे ते अंगठा उठवीत. लिहिता येत नव्हते, तरी कागदावर आपले नाव कोणत्या ठिकाणी आहे हे ते ओळखत. "हमारा नाम सरकार की किताब में था," हे वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकले की त्याचा कंटाळा यायचा. आता त्याचा अर्थ लागतो. याच कामांतून रोजगार हमी योजना पुढे आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खेड्यातला माणूस काम मागू शकतो आणि सरकारला ते द्यावे लागते, ही गोष्ट देशात प्रथम कायद्याने मान्य केली ती महाराष्ट्राने. आजोबांना कायदा माहीत नव्हता, मस्टर माहीत होते.

दुष्काळ सरला. आजोबा ओळखीच्या एकाचे बोट धरून देहूरोडला आले आणि मिळेल ती मजुरी करत रेल्वेलाईनीच्या कडेला राहिले. त्यांच्या धाकट्या भावाने मुकादमाची उचल घेतली आणि तो फडात गेला. एका चुलीची दोन घरे झाली. इकडच्या घरातला नातू बी.एड. झाला. तिकडच्या घरातले दोघे अजून कोयत्यावर जातात. आमच्यात आणि वर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या माणसात एवढेच अंतर आहे.

कोयता म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. तो हत्याराचा शब्द आहे आणि माणसांचाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत 'वीस कोयते' लिहिले की चाळीस माणसे समजायची. त्यात बाईचे नाव कधीच नसते, ती नवऱ्याच्या नावातली अर्धी. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, लग्न किंवा आजारपण उभे असताना, मुकादम उचल देतो. ती हंगामात तोडून फेडायची. पहाटे चारला उठायचे, तोडायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तडजोड होऊन दरात ३४ टक्के वाढ ठरली, २७३ चा दर ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसात दोन टन तोडला तर ७३२ रुपये, दोघांचे मिळून. एखादा दिवस अंग दुखले आणि खाडा झाला की त्याचे पैसे उलट उचलीत चढतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या वर्षावर. मग पुढच्या वर्षी कुठे जायचे, हा प्रश्नच राहत नाही.

आम्ही मुलांना शिकवतो की मजुराचा घाम वाळण्याआधी त्याला मजुरी द्यावी. फडातला व्यवहार पाहिला आणि आम्ही विचारात पडलो. इथे तर घाम येण्याच्या कितीतरी आधी पैसे दिले जातात, आणि बेडी तीच. कॅलिफोर्नियातला बागाईतदार मजूर जास्त बोलावून मजुरी पाडत होता, आमच्याकडे उचल देऊन मजूर बांधला जातो. जोड कुटुंबाचा रस्ता एकेरी होता, गेले ते परतले नाहीत. आमचा माणूस दर वर्षी आपल्या कोरड्या रानाकडे परततो, पेरतो, आणि दिवाळीला पुन्हा निघतो. त्यामुळे त्याला गावी दुष्काळग्रस्त म्हणतात आणि इकडे परका म्हणतात. ओक्लाहोमाच्या माणसाला कॅलिफोर्नियात 'ओकी' म्हणत. मुळात तो साधा गावावरून पडलेला शब्द, तिकडे शिवी झाला. 'ऊसतोड्या' हा शब्द आम्ही शिरगावच्या रस्त्यावर ज्या आवाजात ऐकला आहे, तो याहून फार वेगळा नव्हता.

बायकांचे दुखणे तर वेगळेच. खाडा परवडत नाही म्हणून पाळीचा त्रास अंगावर काढायचा, आणि मग कोणीतरी सांगतो की पिशवीच काढून टाका. २०१९ मध्ये हे बीडमधून बाहेर आले, राज्य सरकारने समिती नेमली, आणि पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यावर आम्ही जास्त काही लिहू शकत नाही. आमच्या चुलत घरातल्या एका चाचीचे तेच झाले, आणि तिशीही गाठली नव्हती तिने.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये केंद्राचा कायदा झाला तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. धुळे-नंदुरबारचा मजूर गुजरातेत ऊस तोडायला गेला तर त्यात बसे. बीडचा माणूस मावळात आला तर तो महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच आलेला, म्हणून बसत नसे. अमेरिकेतही हेच. १९३५ आणि १९३८ मध्ये संघटनेचा आणि किमान वेतनाचा असे दोन मोठे कायदे झाले, दोन्हींतून शेतमजूर वगळले. तरी तिकडे एक गोष्ट लवकर झाली. सरकारने मजुरांसाठी छावण्या काढल्या. आर्विनच्या छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स तिथल्या लोकांची राहणी, बोलणी, अडचणी आपल्या अहवालांत बारकाईने टिपून ठेवी. स्टाइनबेकने १९३६ मध्ये एका वृत्तपत्रासाठी या मजुरांवर लेखमाला लिहिली तेव्हा त्याची कॉलिन्सशी गाठ पडली, आणि त्याच टिपणांच्या आधारावर कादंबरी उभी राहिली. ती अर्पण केलेल्या दोन माणसांत कॉलिन्स एक आहे. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण महान म्हणतो ते एका साध्या कर्मचाऱ्याच्या नोंदींवर उभे आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याच आर्विनच्या केर्न जिल्ह्याने ही कादंबरी आपल्या वाचनालयांतून आणि शाळांतून काढून टाकली, तीही उगाच नव्हे. नाव घेतले की टोचते.

आमच्याकडे गिरणी कामगाराला शाहीर अमर शेख मिळाले, आणि ते स्वतः बार्शीचे, याच कोरड्या पट्ट्यातले. आम्ही शिकलो त्या मराठीच्या किंवा उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत मात्र फडातला माणूस आम्हाला भेटला नाही. सरकारने अलीकडे काही केले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली, आणि त्याच वर्षी ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून कामगारांना ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. ओळखपत्रावर नाव असते, बाईचे वेगळे असते. एवढ्यासाठी २०२१ उजाडावे लागले. आमच्या ओळखीच्या कोप्यांत अशी कार्डे थोड्यांच्याच हाती दिसली.

आपल्याकडे हिजरत या शब्दाला केवढा मान आहे. आपले सालच त्यावरून मोजले जाते. मदिनेत ज्यांनी घरात जागा दिली ते अन्सार, त्यांचेही नाव चौदाशे वर्षे टिकले. बेगडेवाडीच्या आसपासच्या आम्हा लोकांनी या मुहाजिरांना काय दिले, हे विचारले तर आम्हाला खाली बघावे लागते.

कारण त्या मुलीचे पुढे असे झाले. ती सात आठवडे आली. भाऊ मागच्या बाकाखाली झोपायचा. उर्दूचे वाचन तिचे वर्गात सर्वांत स्वच्छ, गणितात मागे. जानेवारीत दोन दिवस आली नाही, चार दिवस आली नाही. आम्हाला वाटले भाऊ आजारी असेल. शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो तर कोप्या नव्हत्या. टोळी दुसऱ्या फडाला हलली होती, कुठे ते रस्त्यावरच्या दुकानदारालाही ठाऊक नव्हते. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असणार, तिथे ती गैरहजर. आमच्या पटावर हजर, पण पेन्सिलने. मार्चमध्ये तपासणी होती. दाखला नाही, नोंद नाही, पटसंख्या जुळत नाही. आम्हाला कोणी सांगितले नव्हते, कोणी दडपण आणले नव्हते. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हीच खोडरबर घेतला आणि ती ओळ पुसून टाकली. तिच्या वडिलांनी मोबाईल नंबर दिला होता, तो लागला नाही, आणि दोन-तीनदा लावल्यावर आम्ही लावायचा सोडला.

गेल्या हंगामात आम्ही आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई रविवारी शिरगावच्या पुढच्या कोप्यांवर गेलो. दोन वह्या नेल्या होत्या. मुकादम खाटेवर बसला होता, वागायला चांगला माणूस, चहा मागवला. आम्ही सांगितले की मुलांची आणि आईबापांची नावे लिहून घ्यायची आहेत. तो म्हणाला, "नावं कशाला सर, अकरा कोयते आहेत, अकरा लिहा ना." आम्ही कोपीकोपीने गेलो. चौदा मुले निघाली. शाळेत जाण्याच्या वयाची नऊ, त्यांतली दोन उर्दू शाळेची, बाकी मराठीची. एका कोपीत नवरा आपले नाव सांगून थांबला. बाईने भाकरी थापता थापता विचारले, "माझं नाही का लिहीत?" तिचे लिहिले, तिच्या सासूचे लिहिले, तान्ह्या मुलीचेही लिहिले, तिचे अजून नाव ठेवायचे होते म्हणून तिथेच ठेवले. सगळे शाईने. उजेड गेला तेव्हा तीन कोप्या राहिल्या होत्या, त्या पुढच्या रविवारी केल्या.